तंत्रज्ञान पोहोचते सर्वत्र, रुजते कुठे?

वारणा खोऱ्यातील 'वायर्ड व्हिलेज' प्रयोगाने दिलेला धडा

जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी एक चौकोनी, ठिपक्याठिपक्यांचे चिन्ह तयार केले. तेच आजचे 'क्यूआर कोड'. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत आज कोथिंबिरीची जुडी घेतली तरी पैसे त्याच चिन्हावर मोबाइल रोखून देता येतात. ज्या जपानने हे चिन्ह जगाला दिले, त्या देशात मात्र सरकारदरबारी कागदपत्रे फ्लॉपी डिस्कवर सादर करण्याची अट हजाराहून अधिक नियमांत शिल्लक होती. ती काढून टाकण्यास २०२४ साल उजाडावे लागले. युरोपातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेल्या जर्मनीतही २०२३ मध्ये दैनंदिन व्यवहारांपैकी निम्म्याहून किंचित अधिक व्यवहार रोखीनेच होत होते.

काही देश डिजिटल तंत्रज्ञान झपाट्याने आत्मसात करतात, तर काही मागे का राहतात, या प्रश्नाचे 'श्रीमंत देश पुढे, गरीब देश मागे' हे सोपे उत्तर अशा उदाहरणांपुढे अपुरे पडते. पैशाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार उच्च उत्पन्नाच्या देशांत शंभरातील ९३ जण इंटरनेट वापरत होते, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत केवळ २७. परंतु पैसा तंत्रज्ञानाला दारापर्यंत आणतो. ते घरात नांदेल की नाही, हे इतर अनेक गोष्टींवर ठरते. या इतर गोष्टी कोणत्या, हे समजून घेण्यासाठी टोकियो किंवा बर्लिनला जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरपासून सुमारे तासाभराच्या अंतरावर, पन्हाळा तालुक्यातील वारणानगरात त्याचा एक मोलाचा प्रयोग १९९८ मध्येच सुरू झाला होता.

पोहोचणे वेगळे, रुजणे वेगळे

या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. दिएगो कोमिन आणि बार्ट होबाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १६६ देशांतील पंधरा तंत्रज्ञानांच्या प्रसाराचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. वाफेच्या जहाजापासून इंटरनेटपर्यंतची ही तंत्रज्ञाने होती. एखादा शोध लागल्यानंतर तो देशात प्रत्यक्ष वापरात येण्यास सरासरी ४५ वर्षे लागतात, असे त्यात आढळले. मात्र शोध जितका अलीकडचा, तितका हा विलंब कमी. आगगाडीने जगभर पोहोचण्यास जितका काळ घेतला, त्याच्या तुलनेत मोबाइल पाहता पाहता पसरला.

मग सर्व देश एका पातळीवर यायला हवे होते. तसे झाले नाही. कोमिन आणि मार्टी मेस्तिएरी यांच्या पुढील अभ्यासाने त्याचे कारण दाखवले. तंत्रज्ञान पोहोचण्यातील अंतर कमी होत गेले. परंतु पोहोचल्यानंतर ते किती लोक आणि किती कामांसाठी वापरतात, यातील अंतर उलट वाढत गेले. पहिला संगणक कोणत्या वर्षी आला, हा प्रश्न आता गौण ठरला आहे. तो टेबलावर झाकून ठेवला जातो की रोजच्या व्यवहाराचा भाग होतो, हा खरा प्रश्न आहे.

पोहोचणे आणि रुजणे यांतील हे अंतर देशादेशांत दिसते, तसेच एका देशाच्या दोन जिल्ह्यांत, एका गावाच्या दोन वस्त्यांत आणि एका घरातील दोन माणसांतही दिसते. वारणा खोऱ्यात तर ते एकाच संगणकाच्या दोन कामांत दिसले.

सत्तर गावांची 'वायरिंग'

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणा नदीकाठचा हा परिसर. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकाच्या अखेरीस येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यापाठोपाठ दूध संघ, बँक, ग्राहक भांडार, शाळा-महाविद्यालये अशी संस्थांची साखळी तयार झाली. येथील शेतकऱ्याचा ऊस, दूध, कर्ज, खत आणि मुलांचे शिक्षण असे सारे व्यवहार एकाच सहकारी परिवाराशी जोडले गेले.

माहिती तंत्रज्ञानाविषयीच्या राष्ट्रीय कृती दलाची १९९८ मध्ये स्थापना झाली, त्या सुमारास पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकाराने ग्रामीण भागातील संगणकीकरणाच्या पथदर्शी प्रयोगासाठी हाच परिसर निवडण्यात आला. वारणा परिसरातील सत्तर गावे या योजनेत समाविष्ट झाली. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी निम्मा वाटा केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि उरलेला १० टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाने उचलला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने आज्ञावली तयार केल्या. ५४ गावांत संगणक असलेली माहिती केंद्रे उघडण्यात आली आणि ती वारणानगरशी जोडण्यात आली.

त्या काळी अनेक गावांत साध्या दूरध्वनीसाठीही नाव नोंदवून वाट पाहावी लागे. अशा वेळी गावातील केंद्रात मराठीतून पीकसल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, जमिनीचे उतारे निघतील, सरकारी योजनांची माहिती होईल, एस. टी. आणि रेल्वेचे वेळापत्रकही पाहता येईल, अशी कल्पना मांडली गेली. देशभरातील वृत्तपत्रांनी या 'वायर्ड व्हिलेज'ची दखल घेतली.

काय टिकले, काय गळाले

काही वर्षांनंतर बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला. संगणक चालू होते, लोक येत होते. परंतु जाहीर झालेल्या बहुतेक सेवांसाठी नव्हे. केंद्राचे मुख्य काम एकच होते: साखर कारखाना आणि सभासद यांच्यातील व्यवहाराची माहिती इकडून तिकडे पोहोचवणे. लागवडीची नोंद, तोडणीची परवानगी, गाळपास गेलेल्या उसाचे वजन, घेतलेले खत, अशी ही माहिती होती.

या निष्कर्षाकडे अपयश म्हणून पाहता येईल. पण त्यापेक्षा अधिक उद्बोधक प्रश्न असा, की नेमके हेच काम का टिकले?

ऊस उत्पादकाच्या दृष्टीने माहितीचे मोल काय असते, हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. उसाची लागवड केल्याची नोंद कारखान्याकडे वेळेवर झाली नाही, तर तोडणीच्या पाळीपत्रकात नाव मागे जाते. तोड लांबली, की उसाला तुरा येतो, वजन घटते, रान मोकळे न झाल्याने पुढचे पीक अडते. तोडलेला ऊस काट्यावर किती भरला, यावर बिल ठरते. बिलातून सोसायटीचे कर्ज आणि खताची उधारी वळती होते. उसाच्या मोबदल्यासाठी चौदा दिवसांची मुदत १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घालून दिली आहे. तरीही ती पाळली जाण्यासाठी ऊसपट्ट्यात वारंवार आंदोलने झाली आहेत. अशा व्यवहारात 'माझी नोंद कोणत्या तारखेची?' आणि 'माझ्या उसाचे वजन किती?' या दोन प्रश्नांची उत्तरे चिटबॉयच्या किंवा गट कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता मिळणे, ही लहान गोष्ट नव्हती. त्यासाठी शेतकरी संगणकापाशी येत होता.

दुसरीकडे, बाजारभावाच्या सेवेचा उसाच्या गावाला फारसा उपयोग नव्हता. ऊस रोजच्या लिलावात विकला जात नाही. त्याचा किमान दर केंद्र सरकार ठरवते आणि सभासदाचा ऊस जातो तो बहुधा त्याच्याच कारखान्याला. भाव कळला म्हणून दुसरा ग्राहक शोधण्याची सोय नसेल, तर तो भाव पडद्यावर झळकूनही उपयोग कोणता? जमिनीच्या उताऱ्याची अडचण आणखी वेगळी होती. सातबारा हा महसूल खात्याचा दस्तऐवज. सहकारी संस्थेच्या केंद्रातून निघालेल्या कागदाला कायद्याची मान्यता हवी, आणि ती देणे ना संगणकाच्या हाती होते ना कारखान्याच्या.

हेच तंत्रज्ञान वेगळ्या परिस्थितीत वेगळे फळ देते. आयटीसी कंपनीने २००० मध्ये मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात 'ई-चौपाल' सुरू केले. तेथेही गावात संगणकच ठेवला होता. परंतु सोयाबीन उत्पादकापुढे मंडी आणि कंपनी असे दोन पर्याय होते. आदल्या दिवशीचा भाव पाहून माल कुठे न्यायचा, हे तो ठरवू शकत होता. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल सेवा सुरू झाली, तेव्हा मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांवरील भाव विचारू लागले. बंदराबंदरांतील भावांमधील तफावत घटली आणि न विकलेले मासे फेकून देण्याचे प्रमाणही जवळजवळ संपले, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसून आले. माहितीवर कृती करण्याचे स्वातंत्र्य असेल तेथे माहितीचे तंत्र रुजते. ते स्वातंत्र्य नसेल तेथे ते शोभेचे उरते.

संगणक गेला, मोबाइल आला

वारणेच्या कथेचा दुसरा अध्याय तितकाच बोलका आहे. गावोगावचे संगणक सांभाळणे महागाचे होते. वीज जाणे, विजेचा दाब कमी-जास्त होणे, दुरुस्तीचा खर्च या तर नित्याच्या अडचणी. ज्या कामासाठी संगणक वापरला जात होता, ते काम म्हणजे थोडेसे आकडे पाठवणे आणि मिळवणे. त्यासाठी संपूर्ण संगणक हवाच कशाला?

याच विचारातून संशोधकांनी 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग केला. सात गावांतील संगणकांची जागा साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांना देण्यात आली. आठ महिन्यांच्या चाचणीत आधीच्या व्यवस्थेतील सर्व कामे मोबाइलवर झाली. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना नवी पद्धत अधिक पसंत पडली, असा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र उघडण्याची वाट न पाहता माहिती विचारता येऊ लागली, हा त्यातील मोठा लाभ होता.

'वायर्ड' ते 'अनवायर्ड' हा प्रवास नऊ-दहा वर्षांचा. या काळात यंत्र बदलले; काम बदलले नाही. आधीचे यंत्र निघून गेल्यावरही जे काम नव्या यंत्रावर चालू राहते, तीच समाजाची खरी गरज मानावी.

मागे राहिलेल्यांना मिळणारा लाभही येथे दिसतो. ज्याच्याकडे जुनी व्यवस्था भक्कम नसते, त्याला नवी स्वीकारताना काही मोडावे लागत नाही. केनियात बँकांच्या शाखा मोजक्याच होत्या. म्हणून २००७ मध्ये सुरू झालेली 'एम-पेसा' ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा तेथे अल्पावधीत घरोघरी पोहोचली. याउलट फ्रान्सने १९८० च्या दशकातच 'मिनिटेल' हे दूरध्वनीला जोडलेले यंत्र घराघरात दिले होते. त्यावर दूरध्वनी क्रमांक शोधणे, तिकिटे काढणे अशी कामे होत. उत्तम चाललेल्या या व्यवस्थेमुळेच फ्रान्स इंटरनेटकडे काहीसा उशिरा वळला, असे अनेक अभ्यासक मानतात. 'मिनिटेल' अखेर २०१२ मध्ये बंद झाले.

भारतातील मोबाइलचा प्रसारही असाच. देशात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल संवाद झाला, तेव्हा ही चैनीची वस्तू होती. येणाऱ्या फोनलाही पैसे मोजावे लागत. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने परवाना शुल्काची पद्धत बदलली, कंपन्यांमध्ये स्पर्धा वाढली आणि २००३ मध्ये येणारे फोन विनामूल्य झाले. त्यानंतरच मोबाइल रिक्षाचालकाच्या आणि गवंड्याच्या खिशात आला. यंत्र तेच होते. नियम बदलले आणि वेग बदलला.

हाताला सवय, भाषेची सोय

नियम अनुकूल असले तरी यंत्र हाताळणारे हात हवेत. या बाबतीत कोल्हापूरचा वारसा लक्षणीय आहे. बाबूराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. शेतीपंपांची तेल इंजिने, उसाचे चरक आणि ओतकामाचे सुटे भाग बनवणारी उद्यमनगरची परंपरा त्याच वृत्तीतून फुलली. बाहेरून आलेले यंत्र उघडून पाहणे, बिघडले तर दुरुस्त करणे आणि जमल्यास तसेच दुसरे तयार करणे, ही ती वृत्ती. ज्या समाजात अशी कारागिरी असते, तेथे नवे यंत्र बिघडून कोपऱ्यात पडत नाही.

अक्षरओळख ही त्याहून मूलभूत बाब. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचे धोरण अंगीकारले. शंभर वर्षांपूर्वीच्या शाळेचा आणि आजच्या मोबाइलचा थेट धागा जोडणे धाडसाचे ठरेल. परंतु काटापावतीवरील आकडा स्वतः वाचू शकणारा सभासदच पडद्यावरील आकड्याला आव्हान देऊ शकतो, हे विसरता येणार नाही.

भाषेचा अडसरही मोठा होता. संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकने १९८० आणि १९९० च्या दशकांत केलेले काम महत्त्वाचे आहे. तरीही एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडताच अगम्य चिन्हांत बदलावा, हा अनुभव युनिकोडचा वापर सर्वत्र होईपर्यंत नित्याचा होता. इंग्रजी भाषकांना हा अडसर आधीच दूर झालेला मिळाला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रमाने या शतकाच्या प्रारंभापासून तालुक्या-तालुक्यात संगणकाची भीती घालवली. त्याच्या लोकप्रियतेमागे अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी मान्य झालेले प्रमाणपत्र हेही कारण होते. शिकण्याचा काही उपयोग आहे, हे दिसले की लोक शिकतात.

शासनाची विश्वासार्हता

सातबाऱ्याचा प्रश्न वारणेत का अडला, हे वर आले आहे. तो सुटला कसा, हे पाहिल्यास शासनाची भूमिका स्पष्ट होते. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. १९९८ मध्येही उतारा छापता आला असता. परंतु तलाठ्याच्या सहीशिक्क्याविना तो ग्राह्य मानण्याची कायदेशीर तरतूद व्यवहारात येण्यास दोन दशके लागली. छपाईयंत्र आधी आले, मान्यता नंतर आली, आणि मान्यता आल्यावरच लोकांचा हेलपाटा वाचला.

एस्टोनियाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झालेल्या या छोट्या देशाने १९९६ मध्ये शाळांच्या संगणकीकरणाचा कार्यक्रम जाहीर केला. २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या माहितीसाठ्यांना जोडणारी 'एक्स-रोड' ही व्यवस्था आणली, २००२ मध्ये डिजिटल ओळखपत्र दिले आणि २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदानही घेतले. देश लहान, जुनी व्यवस्था मोडीत निघालेली आणि नवे कायदे लिहिण्यास पाटी कोरी. अर्थात, डिजिटल स्वाक्षरीला कागदावरील सहीइतकाच मान कायद्याने मिळाला, हा त्यातील गाभा होता. जर्मनीत रोख रकमेचा आग्रह आहे तो तंत्रज्ञानाच्या अज्ञानातून नव्हे. विसाव्या शतकात नागरिकांवर पाळत ठेवणाऱ्या राजवटी अनुभवलेल्या समाजाला आपल्या प्रत्येक खरेदीची नोंद कुठेतरी राहणे रुचत नाही. विश्वास कोणावर, यावर वेग ठरतो. काही वेळा मंद वेग हा समाजाने विचारपूर्वक केलेला निर्णयही असतो.

भारताची वाट या दोहोंपेक्षा निराळी. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. २०१४ मध्ये जनधन खाती आली. २०१६ मध्ये सर्व बँकांना एकाच धाग्यात गुंफणारी 'यूपीआय' ही व्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षी मोबाइल इंटरनेटचे दर कोसळले आणि नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवरील व्यवहारांनी एका महिन्यात २,००० कोटींचा टप्पा ओलांडला. कोणत्याही बँकेचे खाते आणि कोणत्याही कंपनीचे ॲप एकमेकांशी बोलू शकेल अशी सामाईक वाट आधी बांधली गेली, हे या वेगाचे प्रमुख कारण होय. त्यामुळेच मंडईतील विक्रेत्याला महागडे यंत्र न घेता केवळ छापील चिन्ह पुरते.

ज्यांचे नाव नोंदवहीतच नाही

वेगाच्या या कथेला एक काळी बाजू आहे, आणि तीही वारणेच्या प्रयोगातूनच उमगते. केंद्रातील संगणक ज्याच्या प्रश्नाचे उत्तर देत होता, तो कारखान्याचा सभासद होता. सभासदत्व जमिनीशी आणि भागाशी निगडित. म्हणजे ज्याच्या नावावर रान, त्याच्या नावावर पडद्यावरची ओळ. त्याच रानात भांगलण करणाऱ्या बाईच्या नावावर बहुधा सातबारा नसतो. तोच ऊस तोडण्यासाठी बीड-मराठवाड्यातून येणारी कुटुंबे हंगामभर पालात राहतात. त्यांची उचल, त्यांची कोयत्याची मजुरी यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत. कारखाना आणि सभासद यांच्यातील नोंदीसाठी उभारलेल्या व्यवस्थेत त्यांना जागा नव्हती. जुनी नोंदवही जशी होती, तशीच ती संगणकात गेली. वगळलेले वगळलेलेच राहिले. फक्त आता ते अधिक वेगाने वगळले जाऊ लागले.

'वारणा अनवायर्ड'च्या संशोधकांपैकी एक असलेले केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हाच विचार विस्ताराने मांडला. तंत्रज्ञान समाजात आधीपासून असलेल्या शक्तींना ध्वनिवर्धकाप्रमाणे मोठे करते. नसलेली शक्ती ते निर्माण करू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. संस्था प्रामाणिक आणि सक्षम असेल तर तंत्रज्ञान तिचे बळ वाढवते. विषमता असेल तर तीही वाढवते.

आकडेही हेच सांगतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात इंटरनेट कधीही वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ५७ टक्के होते, तर स्त्रियांचे ३३ टक्के. ही दरी टॉवरच्या अभावामुळे पडलेली नाही. ज्या घरात पुरुषाच्या मोबाइलला जाळे मिळते, त्याच घरात स्त्रीच्या हाती मोबाइल नसतो, किंवा असला तरी तो विचारून घ्यावा लागतो. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' सुरू केली. तलाठ्याऐवजी शेतकऱ्यानेच मोबाइलवरून पिकाची नोंद करावी, ही कल्पना निश्चितच स्वागतार्ह. परंतु ही नोंद नुकसानभरपाई आणि शासकीय खरेदी यांच्याशी जोडली जाते, तेव्हा स्मार्टफोन नसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला किंवा दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याला तिचा लाभ कसा मिळणार, हा प्रश्न तंत्रज्ञानाबाहेरचा उरतो.

पुढील यंत्र येण्यापूर्वी

आता उसाच्या फडात कृत्रिम बुद्धिमत्ता येऊ घातली आहे. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानने उपग्रह, हवामान केंद्र आणि जमिनीतील संवेदक यांच्या साह्याने ऊसशेतीचे प्रयोग केले आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. पाणी आणि खताची बचत झाली तर ऊसपट्ट्यातील खारवटलेल्या जमिनींना त्याचा लाभच होईल. हे तंत्र किती वेगाने येईल, याची चर्चा होत राहील. मात्र ते कोणत्या गावात रुजेल, याचा अंदाज वारणेच्या अनुभवावरून आजच बांधता येतो.

पडद्यावर 'आज पाणी द्या' असा सल्ला उमटला, पण त्या दिवशी शेतीपंपाची वीज रात्रीची असली, तर तो सल्ला पाळायचा कसा? वजनाचा आकडा मोबाइलवर आला, पण काट्यावरच सभासदाचा विश्वास नसला, तर तो आकडा मान्य कोण करणार? पिकाची माहिती शेतातून गोळा झाली, पण ती कोणाच्या मालकीची हे ठरलेले नसले, तर तिचा फायदा शेतकऱ्याला की कंपनीला? या तीनही प्रश्नांची उत्तरे अनुक्रमे वीज वितरण, कारखान्याचा कारभार आणि कायदा यांच्याकडे आहेत, यंत्राकडे नाहीत.

म्हणूनच एखाद्या देशाचा किंवा जिल्ह्याचा डिजिटल वेग मोजताना किती संगणक, किती मोबाइल, किती टॉवर ही मोजणी अपुरी ठरते. नोंदवही खरी आहे का, तिच्यात सर्वांची नावे आहेत का, पडद्यावरील कागदाला कायदा मानतो का, आणि माहिती मिळाल्यावर माणूस काही करू शकतो का, या चार प्रश्नांची उत्तरे जेथे होकारार्थी आहेत, तेथे तंत्रज्ञान स्वस्त असो वा महाग, देशी असो वा परदेशी, ते टिकते. जेथे ती नकारार्थी आहेत, तेथे उद्घाटनाची फीत कापली जाते आणि यंत्र धूळ खात पडते. वारणा खोऱ्यातील शेतकऱ्याने बाजारभाव दाखवणाऱ्या पडद्याकडे पाठ फिरवली आणि स्वतःच्या उसाच्या वजनासाठी मात्र तो रांगेत उभा राहिला. आपल्या उपयोगाचे काय आणि नाही काय, याचा निवाडा त्याने योजना आखणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक केला होता.